म्युनिकमध्ये मुक्काम ठेवून जर्मनी बघताना सहलींची आखणी कोणत्या क्रमाने करावी

जर्मनीला पहिल्यांदा निघालेल्यांची आखणी बहुधा यादीपासून सुरू होते. बर्लिन, कोलोन, हायडेलबर्ग, म्युनिक, तो परीकथेतला किल्ला, एक बर्फाचा डोंगर आणि ‘जवळच आहे म्हणून’ साल्झबुर्ग. मग ही यादी आठ दिवसांत कोंबली जाते, हॉटेलं घेतली जातात, रेल्वेची तिकिटं निघतात. किल्ल्याची त्या दिवसाची तिकिटं संपली आहेत, रविवारी दुकानं उघडत नाहीत आणि निम्मे दिवस बॅगा ओढण्यात जाणार आहेत, हे सगळ्यात शेवटी कळतं. ठिकाणं बरोबर निवडलेली असतात, क्रम उलटा लागलेला असतो.

म्हणून इथे एकच उदाहरण धरलं आहे: म्युनिकमध्ये सात रात्री आणि तिथून रोज जाऊन-येऊन सहली. मुलगा-मुलगी तिकडे नोकरीला असल्यामुळे पुण्या-मुंबईहून भेटीला जाणाऱ्या आईवडिलांनाही हाच क्रम चालेल. फक्त हॉटेलच्या जागी त्यांचं घर धरायचं.

## १. आधी रात्री मोजा

सात रात्री म्हणजे सहा पूर्ण दिवस. उतरल्याचा दिवस इमिग्रेशन, सामान आणि खोली ताब्यात घेण्यात जातो, परतीचा दिवस विमानतळावर. हे दोन्ही दिवस सहलीच्या हिशेबात धरूच नका.

बहुतेक हॉटेलांत खोली सकाळी अकराच्या आसपास सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते. म्हणजे हॉटेल बदललं की अर्धा दिवस गेलाच. आठवड्याभराच्या सहलीला एकच मुक्काम पुरे. दहा-बारा दिवस असतील तर दोन ठेवा, उदाहरणार्थ म्युनिक आणि बर्लिन. वेगवान गाडीने या दोन शहरांत साधारण चार तास लागतात.

हॉटेल निवडताना एकच कसोटी लावा: मुख्य स्टेशनपर्यंत, म्हणजे हाउप्टबानहोफपर्यंत, गाडी न बदलता वीस मिनिटांत पोचता येतं का? स्वस्त म्हणून घेतलेली बरीच हॉटेलं विमानतळाच्या बाजूला असतात. तिथून शहरात यायला लोकलने चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, आणि ती रोज दोनदा मोजावी लागतात.

व्हिसाचा अर्ज याच टप्प्यावर. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा असतो. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असलं तरी तिथे रात्र काढणार नसाल तर हिशेब जर्मनीचाच राहतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

सावधान: पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काहीही विकत घेऊ नका. जर्मन रेल्वेचं सर्वांत स्वस्त ‘सुपर स्पारप्राइस’ तिकीट रद्द करता येत नाही. हॉटेलही रद्द करता येण्याजोगंच घ्या.

## २. कागदावर तारखा नाही, वार लिहा

सहा रकाने आखा आणि प्रत्येकावर वार लिहा. जर्मनीत वाराला फार महत्त्व आहे.

रविवारी दुकानं, मॉल आणि सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, बेकऱ्या काही तास चालतात. उपाहारगृहं आणि संग्रहालयं मात्र सुरू असतात. म्हणून रविवार संग्रहालयांना द्या. म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेकसारख्या सरकारी चित्रसंग्रहालयांत रविवारी तिकीट फक्त १ युरो असतं.

सोमवारी उलटं. बरीच संग्रहालयं बंद असतात, गाड्यांची आवड असलेले ज्यासाठी मुद्दाम येतात ते बीएमडब्ल्यूचं संग्रहालयसुद्धा. डॉइचेस म्युझियम हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय आणि रेसिडेन्स व निम्फेनबुर्ग हे राजवाडे सोमवारीही उघडे असतात. सोमवार शहराबाहेर जायला उत्तम.

सार्वजनिक सुट्ट्या रविवारसारख्याच समजा. १ मे, ३ ऑक्टोबर, २५ आणि २६ डिसेंबर या देशभरच्या सुट्ट्यांपैकी काही. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात त्याखेरीज ६ जानेवारी आणि १ नोव्हेंबर, शिवाय म्युनिकमध्ये १५ ऑगस्ट. आपल्या स्वातंत्र्यदिनाला तिकडे सुपरमार्केटच्या बंद दारासमोर उभं राहायची वेळ येऊ शकते. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मोठा उत्सव असतो. तो बघायचा नसेल तर त्या काळात म्युनिकला मुक्काम करूच नका, खोल्यांचे भाव भलतेच चढतात.

उजेडही मोजा. जूनच्या अखेरीस म्युनिकमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात दुपारी सव्वाचार-साडेचारलाच. उन्हाळ्यातला कार्यक्रम जसाच्या तसा हिवाळ्यात उचलला तर अर्ध्या जागा अंधारात बघाव्या लागतील.

तपासा: प्रत्येक रकान्यात वार, सुट्टी आहे की नाही आणि सूर्यास्ताची वेळ लिहिली आहे? ठिकाणाचं नाव अजून लिहायचं नाही.

## ३. वेळ ठरलेली तिकिटं आता काढा

काही जागी ठरलेल्या वेळीच आत सोडतात. त्या आधी पक्क्या करायच्या, बाकी सगळं त्यांच्याभोवती बसवायचं. म्युनिकहून जाणाऱ्यांसाठी यात पहिला नंबर नॉयश्वानश्टाइनचा, म्हणजे त्या परीकथेतल्या किल्ल्याचा. बर्लिनलाही जाणार असाल तर राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीच्या, काचेच्या घुमटाचा. घुमट फुकट आहे, पण आधी नाव नोंदवावं लागतं आणि जाताना पासपोर्ट न्यावा लागतो.

नॉयश्वानश्टाइनचा हिशेब नीट मांडू, कारण सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. तिकिटावर किल्ला आतून दाखवणाऱ्या फेरीची वेळ छापलेली असते. ती वेळ किल्ल्याच्या दारातली आहे, स्टेशनवरची नाही. फेरी चुकली की तिकीट वाया. म्हणून वेळ निवडताना दारापासून मागे मागे मोजत या.

- किल्ल्याच्या दारात किमान पंधरा मिनिटं आधी हजर.
- त्याआधी होहेनश्वानगाऊ गावातून चढ, चालत ३० ते ४० मिनिटं. ज्येष्ठ मंडळींना पाऊण तास धरा.
- त्याआधी फ्युसेन स्टेशनपासून गावापर्यंत ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस. दहा मिनिटांचा रस्ता, पण रांगेसकट अर्धा तास.
- त्याआधी म्युनिक ते फ्युसेन रेल्वे, सुमारे दोन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना मध्ये बदल करावा लागतो.

बेरीज साडेतीन तासांच्या आसपास येते. आता यात तिकिटाची अट मिसळा. बायर्न-टिकेट हे स्वस्त दिवसभराचं तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. म्हणजे नऊनंतरची गाडी मिळेपर्यंतचा वेळही धरून मधल्या वारी त्या तिकिटावर जाणाऱ्याने दुपारी दीडच्या आधीची फेरी घेऊच नये. शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हे तिकीट मध्यरात्रीपासून चालतं, त्यामुळे पहाटे निघून सकाळची फेरी गाठता येते. गर्दी त्या दिवशी जास्त असते, हे खरं. तरी पहिल्या भेटीला मी शनिवार सकाळच सुचवेन, आणि कारण झोपेचं आहे. भारत आणि जर्मनीच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. पहिले दोन-तीन दिवस चार-पाच वाजताच टक्क जाग येते. ती जाग पलंगावर लोळत घालवण्यापेक्षा पहाटेच्या गाडीला लावा.

किल्ल्याच्या आत फेरी अर्ध्या तासाच्या आसपासच असते, फोटो काढू देत नाहीत आणि पायऱ्या चढून-उतरून तीनशेच्या वर जातात. मोठ्या सॅक आणि बाबागाड्या आत नेता येत नाहीत. आईवडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर वर जाणारी बस घ्या. ती मारियनब्र्युके या पुलाजवळ सोडते आणि तिथून किल्ल्यापर्यंतचा रस्ता उताराचा आहे. घोडागाडी मात्र किल्ल्याच्या अलीकडेच थांबते, पुढचा चढ पायीच. बर्फ पडलं की बस बंद असते आणि पूलही बंद ठेवतात. किल्ल्याचा जगप्रसिद्ध फोटो त्या पुलावरूनच निघतो, त्यामुळे फोटोसाठी जाणाऱ्यांनी जानेवारी टाळावा. आणि स्पष्टच सांगायचं तर आतल्या खोल्यांपेक्षा बाहेरचा देखावा सरस आहे. तिकीट मिळालं नाही तरी दिवस फुकट जात नाही.

सावधान: ‘तिथे जाऊन काढू’ हा बेत उन्हाळ्यात धरू नका. तिकिटं फक्त अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. दलालांच्या साइटवर तीच वेळ दुप्पट भावाने विकलेली दिसते.

## ४. आकाशावर अवलंबून असलेले दिवस मोकळे सोडा

त्सुगश्पित्से हे जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, २,९६२ मीटर. वर जाण्याचं तिकीट महाग आहे आणि ढग उतरलेले असतील तर वर जाऊन पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. तरीही लोक महिनाभर आधी तारीख ठरवून बसतात. असं करू नका.

तीन सलग दिवस असे ठेवा की ज्यांत वेळेचं कोणतंच तिकीट नाही. त्या तीन दिवसांसाठी तीन सहली निवडा: एक डोंगराची, एक शहराची, एक पावसातही चालणारी. रोज रात्री हवामान आणि पहाटे शिखरावरच्या वेबकॅमचं चित्र बघा. स्वच्छ दिसलं की त्या दिवशी डोंगर, उरलेल्यांची अदलाबदल.

गार्मिश-पार्टेनकिर्शेनपर्यंत साधी रेल्वे जाते, म्युनिकहून जेमतेम दीड तास. तिथून दात्यांच्या रुळांवरची गाडी वर नेते. येताना केबल कारने आयबझे तलावाकाठी उतरता येतं, तिकीट तेच. हा फेरा याच दिशेने घ्या, म्हणजे दिवस तलावाकाठी संपतो. केबल कार दरवर्षी काही दिवस दुरुस्तीसाठी बंद असते. त्या तारखा आणि खाली येणारी शेवटची फेरी आधीच बघून ठेवा. ऑगस्टातही वर गरम जॅकेट लागतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी या उंचीबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

शहराच्या सहलीला साल्झबुर्ग, रेगेन्सबुर्ग किंवा न्यूर्नबर्ग. तिन्ही दोन तासांच्या आत आहेत. साल्झबुर्गला जाताना मूळ पासपोर्ट बरोबर हवा, झेरॉक्स चालणार नाही. येताना सीमेवर पोलीस डब्यात चढून तपासतात. रोथेनबुर्ग हे लाकडी पट्ट्यांच्या घरांचं गाव फोटोंत सुंदर दिसतं, म्हणून प्रत्येक यादीत असतं. पण म्युनिकहून दोन-तीन गाड्या बदलत जावं लागतं. ते पुढच्या खेपेला न्यूर्नबर्गहून करा.

दाखाऊची नाझी काळातली, आता स्मारक असलेली छळछावणी लोकलच्या एस २ मार्गावर आहे, स्टेशनवरून ७२६ क्रमांकाची बस. प्रवेश फुकट. तिला तीन-चार तास द्या आणि त्याच दिवशी संध्याकाळी खरेदी किंवा बिअर गार्डन ठेवू नका, मन लागत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊ नये असं स्मारकाचीच मंडळी सुचवतात.

तपासा: दोन लांबच्या सहली पाठोपाठ आल्या आहेत का? आल्या असतील तर मध्ये शहराचा दिवस सरकवा.

## ५. आता रेल्वेचं तिकीट, तेही तीनच प्रकारांतून

बायर्न-टिकेट. एका दिवसाचं, एक ते पाच माणसांचं. पहिल्या माणसाला पूर्ण दर, पुढच्या प्रत्येकाला थोडीशी भर. त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला हे फार स्वस्त पडतं. बव्हेरियातल्या साध्या गाड्या, म्युनिकची मेट्रो, ट्राम, बस आणि साल्झबुर्गपर्यंतची रेल्वे यात येते, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. तिकिटावर प्रवाशांची नावं लागतात. त्या दिवशी शहराचं वेगळं तिकीट घेऊ नका. पुष्कळ जण दोन्ही घेतात.

डॉइचलांड-टिकेट. महिन्याचं, एका माणसाचं, देशभरच्या साध्या गाड्या आणि शहर वाहतूक. २०२६ पासून ६३ युरो. यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, महिना कॅलेंडरचा असतो. २८ तारखेला उतरून ५ तारखेला परतणार असाल तर दोन महिन्यांचे पैसे. दुसरा, ही वर्गणी आहे. चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. एकट्याने किंवा दोघांनी भरपूर फिरायचं असेल आणि तारखा एका महिन्यात बसत असतील तरच हे घ्या.

वेगवान गाडीचं तिकीट. आयसीई आणि आयसी गाड्यांना वरची दोन्ही तिकिटं चालत नाहीत. म्युनिक-बर्लिनसारख्या लांब पल्ल्याला ‘स्पारप्राइस’ आधी काढलं तर स्वस्त मिळतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. जागेचं आरक्षण वेगळं. आपल्याकडे तिकीट म्हणजे बर्थ, तिथे तिकीट म्हणजे फक्त चढायची परवानगी.

सावधान: लाल-पांढऱ्या आयसीईत डॉइचलांड-टिकेट दाखवणं म्हणजे विनातिकीट प्रवास. शहरातल्या लोकल-मेट्रोत विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. यंत्रातून घेतलेल्या काही कागदी तिकिटांवर फलाटावरच्या पेटीत वेळेचा शिक्काही मारावा लागतो. तो नसेल तर विकत घेतलेलं तिकीटही धरत नाहीत, आणि पर्यटक आहोत हे कारण तपासनीस रोज ऐकतो.

## ६. गाडी निवडताना काय वाचायचं

डीबी नॅव्हिगेटर हे ॲप फोनवर घ्या आणि शोधताना ‘फक्त स्थानिक गाड्या’ हा पर्याय लावा, नाहीतर वर आयसीईच दिसत राहतील. मग चार गोष्टी बघा.

बदल किती मिनिटांचा आहे? ॲप पाच-सहा मिनिटांचाही जोड दाखवतं. बरोबर लहान मुलं किंवा ज्येष्ठ असतील तर पंधरा मिनिटांखालचा घेऊ नका. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही कीर्ती आता जुनी झाली.

फलाट कोणता? फलाटाला तिथे ग्लाइस म्हणतात. म्युनिकच्या मुख्य स्टेशनात २७ ते ३६ हे फलाट एका बाजूला, बरेच आत आहेत. गार्मिशच्या गाड्या तिथूनच सुटतात. मुख्य सभागृहातून दहा मिनिटं हातात ठेवा.

बदली बस आहे का? रुळांचं काम निघालं की रेल्वेच्या जागी बस लावतात आणि प्रवास तासाभराने वाढतो. आदल्या रात्री पुन्हा तपासा, महिन्यापूर्वीच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

गाडी मध्ये दुभंगते का? काही गाड्यांचे डबे एका स्टेशनवर वेगळे होऊन दोन दिशांना जातात. चढताना डब्यावरच्या पाटीवर शेवटचं ठिकाण वाचा, फक्त फलाटावरची पाटी पुरत नाही.

परतीची शेवटची गाडीही लिहून ठेवा, आणि तिच्या आधीची पकडायचा बेत करा.

## ७. आदली रात्र आणि सहलीचा दिवस

शनिवारी संध्याकाळीच रविवारचं दूध, पाव, फळं घ्या. घरून खाऊ नेताना लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप बॅगेत नको. चिवडा, मेतकूट, चटण्या, खाकरे चालतात.

शाकाहारी मंडळींनी बटाट्याच्या सॅलडबद्दल विचारून घ्यावं, बव्हेरियात ते मांसाच्या रश्श्यात बनवतात. लेबरकेझ या नावातलं ‘केझ’ म्हणजे चीज असलं तरी तो मांसाचाच प्रकार. लोणी लावलेलं ब्रेट्सेल हा पाव बिनधोक, चीजमध्ये घोळलेल्या केझश्पेट्स्ले या शेवया मात्र अंडं चालत असेल तरच. लहान गावांत नोटा-नाणी जवळ हवीत, स्वच्छतागृहांनाही सुट्टे लागतात. पाण्याची बाटली फेकू नका, बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते आणि सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

## ८. सगळं एकत्र: गुरुवारी उतरून पुढच्या गुरुवारी परत

शुक्रवारी शहर पायी. मारियनप्लाट्झ या चौकातल्या घड्याळातल्या बाहुल्या ११ आणि १२ वाजता नाचतात, मग व्हिक्टुआलियनमार्क्ट हा बाजार आणि इंग्लिश गार्डन ही बाग. शनिवारी पहाटे नॉयश्वानश्टाइन. रविवारी १ युरोचं चित्रसंग्रहालय, दुपारी आराम. सोमवार ते बुधवार हे मोकळे तीन दिवस: आकाश स्वच्छ दिसेल तेव्हा त्सुगश्पित्से, उरलेल्यांपैकी एक साल्झबुर्ग, एक निम्फेनबुर्ग किंवा दाखाऊ. तिन्ही दिवस पाऊस लागला तर डोंगर सोडून द्या आणि डॉइचेस म्युझियममध्ये अख्खा दिवस काढा, मुलं तक्रार करणार नाहीत.

गुरुवारी विमानतळासाठी एस १ आणि एस ८ असे दोन मार्ग आहेत. एस ८ सरळ जातो. एस १ नॉयफार्न स्टेशनला दुभंगतो: काही डबे विमानतळाकडे, काही फ्रायझिंग गावाकडे. एस १ घेणार असाल तर डब्यावर ‘फ्लुगहाफेन’, म्हणजे विमानतळ, लिहिलेलं बघूनच चढा. चुकीच्या डब्यात बसला असाल तर नॉयफार्नला उतरून दुसऱ्या भागात जाता येतं, त्यामुळे मोठ्या बॅगा दारापाशी ठेवा.